‘त्याला सगळं कळतं, फक्त बोलत नाही’: बाळाच्या बोलण्याची पहिली तीन वर्षं

दीड-पावणेदोन वर्षांचं मूल घेऊन आलेले आईबाबा खुर्चीत नीट टेकायच्या आतच एक वाक्य बोलतात, "त्याला सगळं कळतं हो, फक्त बोलत नाही." बरोबर आजी असतील तर त्या लगेच जोडतात, "ह्याचा बापसुद्धा तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता." पुण्यात वाचा-भाषा उपचाराचं काम करताना ही दोन वाक्यं मी इतक्यांदा ऐकली आहेत, की माझी तपासणी तिथूनच सुरू होते. पहिलं वाक्य खरं आहे का, हे पारखून घ्यावं लागतं. दुसरं वाक्य आजी धीर द्यायला म्हणतात, पण त्याचा अर्थ उलटा निघतो. जवळच्या नात्यात कुणी उशिरा बोललं असेल, तर मुलाला भाषेची अडचण येण्याची शक्यता वाढते.

पहिला शब्द फुटण्याआधी कितीतरी महिने मूल बोलण्याचा खेळ खेळत असतं. तुम्ही हसलात की हसतं, तुम्ही थांबलात की हुंकार देतं, तुम्ही जिकडे बघाल तिकडे मान वळवतं. ही देवाणघेवाण पक्की असेल तर शब्द तिच्यावर उभे राहतात. ती नसेल तर पाठ करून घेतलेले शब्द टिकत नाहीत. म्हणून "किती शब्द येतात?" हा प्रश्न मी सगळ्यात शेवटी विचारते. ज्या क्रमाने घरांना सांगते, त्याच क्रमाने इथे लिहिते आहे.

आठवडाभर फक्त बघा

एक साधी वही घ्या. सात दिवस काही शिकवायचं नाही, बदलायचं नाही, फक्त टिपायचं.

आधी ‘कळतं’ म्हणजे काय ते बघू. संध्याकाळी सहाला बाबांनी गाडीची किल्ली उचलली, चप्पल पायात सरकवली आणि म्हणाले, "चल, भुर्र जायचं?" मूल दाराकडे धावलं. त्याला शब्द कळला, की किल्ली कळली? ताट मांडल्यावर "चल जेवायला" म्हटलं आणि ते आलं, तर ताटाने बोलावलं की तुम्ही? मुलं परिस्थिती वाचण्यात फार हुशार असतात, त्यामुळे घरच्यांना शब्द कळल्यासारखे वाटतात. म्हणून पारख अशी करायची: भलत्याच वेळी, हातात काही न घेता, बोट न दाखवता, त्या वस्तूकडे न बघता, साध्या आवाजात म्हणा, "बॉल आण" किंवा "चप्पल कुठेय?" दीड वर्षाच्या मुलाला हातवाऱ्यांशिवाय सांगितलेलं एक सोपं काम कळायला हवं. दोन ते अडीच वर्षांत "चप्पल आण आणि आजीला दे" अशी दोन कामांची सूचना जमायला लागते. हे जमत असेल, तर तुमचं वाक्य खरं आहे आणि पुढची वाट बरीच सोपी आहे.

मग मागणं कसं होतं ते टिपा. काही मुलं मोठ्यांचा हात धरून ओढत फ्रिजपाशी नेतात आणि तो हात दारावर ठेवतात, पण तोंडाकडे बघत नाहीत. काही बोट दाखवतात. बोटातही दोन प्रकार आहेत. एक ‘दे’चं बोट: बिस्किटाच्या डब्याकडे. दुसरं ‘बघ’चं बोट: लोहगावहून उडालेलं विमान डोक्यावरून गेलं, मुलाने वर बोट केलं आणि वळून तुमच्या डोळ्यांत पाहिलं. त्याला विमान नको असतं, तुम्ही विमान पाहिलंत का एवढंच हवं असतं. हे दुसरं बोट मला दहा शब्दांपेक्षा मोलाचं वाटतं. मागण्याचं बोट साधारण सव्वा वर्षापर्यंत आणि दाखवण्याचं दीड वर्षापर्यंत दिसायला हवं.

आता शब्द. शब्द कशाला म्हणायचं यावर घराघरांत वाद होतात. माझी व्याख्या सोपी आहे: एकाच गोष्टीसाठी, पुन्हा पुन्हा, कुणी म्हणायला न सांगता आलेला तोच आवाज म्हणजे शब्द. ‘मम्मं’ पाण्यालाही आणि भातालाही चालत असेल, तरी तो शब्द. चार पायांच्या प्रत्येक प्राण्याला ‘भूभू’ म्हणत असेल, तरी तो शब्द. ‘हम्मा’, ‘माऊ’, ‘काऊ’, ‘बाऊ’, ‘दुदू’ सगळे मोजा. सांभाळणाऱ्या ताईंकडून शिकलेलं हिंदी ‘पानी’ही मोजा. टीव्हीवरची जाहिरात शब्दन् शब्द म्हणून दाखवणं मात्र मोजू नका.

इथे एक पोटतिडकीची गोष्ट सांगते. हल्ली बरेच शिकलेले आईबाबा अभिमानाने म्हणतात, "आम्ही बोबडं बोलत नाही, थेट खरे शब्द वापरतो." हेतू चांगला आहे. पण आपल्या आज्या-पणज्यांनी बाळांसाठी जे शब्द घडवले, ते बाळाच्या तोंडाला बेतलेले आहेत. ‘भूभू’, ‘मम्मं’, ‘बाबा’, ‘पापा’ या सगळ्यांत ओठ मिटून उघडायचे, आणि ते डोळ्यांना दिसतं. तोच स्वर दोनदा येतो, म्हणून लक्षात राहतो. ‘कुत्रा’ म्हणायला क, जोडाक्षर आणि र लागतो, तो दीड वर्षाच्या जिभेला कुठून जमणार? म्हणून दोन्ही द्या: "भूभू आला! कुत्रा आला, बघ, भूभू." मूल झेपेल ते उचलतं आणि पुढे आपणहून बदलतं.

वयाचा अंदाज

दोन-तीन महिन्यांना आ-ऊ असे सूर, सहा ते नऊ महिन्यांत ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी माळ, नवव्या महिन्याच्या आसपास नावाला वळून बघणं, वर्षाला टाटा करणं आणि आई किंवा बाबांना हाक. सव्वा वर्षाला त्याशिवाय एखाद-दोन शब्दांचा प्रयत्न, दीड वर्षाला निदान तीन, दोन वर्षांना दोन शब्दांची जोडी (‘आई दे’, ‘बाबा गेले’), अडीच वर्षांना साधारण ५० शब्द.

दीड वर्षाला फक्त तीन शब्द वाचून कुणी निर्धास्त होईल, म्हणून खुलासा करते. ही यादी मुख्यतः अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये नव्याने मांडली आणि तिच्यात तीन चतुर्थांश मुलं जे करतात तेवढंच घेतलं. म्हणजे ती सरासरी नाही, ती खालची पायरी आहे. तिच्याही खाली मूल असेल तर वाट बघण्याचं कारण उरत नाही. जुन्या तक्त्यांत ५० शब्द दोन वर्षांनाच धरत, आणि मी स्वतः आजही तीच रेघ मानते: दोन वर्षं पूर्ण झाली आणि ५० शब्द नाहीत किंवा दोन शब्द जोडत नाही, तर एकदा तपासून घ्या. अशी अनेक मुलं पुढे आपोआप बरोबरीला येतात हे खरं आहे. पण कोणतं येईल आणि कोणतं मागे राहील, हे आधी खात्रीने सांगण्याची सोय कुणाकडेच नाही.

उच्चारांची काळजी इतक्यात नको. ‘काका’चं ‘ताता’, ‘राजा’चं ‘लाजा’, ‘बाळ’चं ‘बाल’ होणारच. दोन वर्षांच्या मुलाचं निम्मं बोलणं परक्या माणसाला कळलं, तरी ते ठीक चाललं आहे.

कान आधी

या लेखातलं एकच काही करणार असाल, तर हे करा.

हडपसरहून एक आई तिच्या बावीस महिन्यांच्या मुलाला घेऊन आली होती. शब्द चार. "कान उत्तम आहेत, ताटली आपटली की दचकतो," असं घरच्या सगळ्यांचं मत. तपासणीत दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी निघालं. सर्दी वारंवार होत होती, तिचाच तो परिणाम. अशा मुलाला आपलं बोलणं पाण्याखालून आल्यासारखं, पुसट ऐकू येतं. ताटलीचा दणका त्याला ऐकू जातोच, शिवाय फरशीतून कंपही जाणवतो. ‘स’, ‘श’, ‘त’ यांसारखे बारीक आवाज मात्र निसटतात, आणि भाषा तर याच बारकाव्यांत असते. टाळी, ताटली, मागून हाक मारणं, यांतल्या कशालाही कानाची तपासणी म्हणता येत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. जन्माच्या वेळची फाइल काढा आणि तिच्यात ओएई या कानाच्या चाचणीचा कागद आहे का बघा. पुण्यातल्या बऱ्याच प्रसूतिगृहांत बाळ घरी सोडण्यापूर्वी ती करतात. कानात मऊ बोंडूक ठेवून दोन-चार मिनिटांत होते, दुखत नाही. कागदावर ‘पास’ किंवा ‘रेफर’ लिहिलेलं असतं. ‘रेफर’ म्हणजे बाळ बहिरं आहे असं नाही. कधी कानात जन्माचा चिकट थर असतो. पण चाचणी पुन्हा करायची असते, आणि नेमकं तेच बाळंतपणाच्या धांदलीत राहून जातं. जगभर यासाठी १-३-६ हा नियम मानतात: पहिल्या महिन्यात चाळणी (म्हणजे पहिली ढोबळ तपासणी), तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू.

कागद ‘पास’ असला, तरी मूल बोलत नसेल तर चाचणी पुन्हा करायचीच. काही श्रवणदोष नंतर उद्भवतात. बाळ काचेच्या पेटीत राहिलं असेल, कावीळ फार वाढली असेल, मेंदूज्वर झाला असेल, तर जास्तच जपा. मामेबहीण-आतेभाऊ किंवा मामा-भाची असं नात्यातलं लग्न असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा, लाजू नका. अशा घरांत आनुवंशिक बहिरेपणाची शक्यता वाढते.

मोठ्या बाळाची बेरा चाचणी झोपेत होते. डोक्याला आणि कानामागे छोट्या तारा चिकटवून, आवाज दिल्यावर कानाची नस मेंदूपर्यंत निरोप पोचवते का ते बघतात. इथे आईबाबांची खरी परीक्षा असते, कारण मूल ऐन वेळी झोपत नाही. उपाय सांगते: सकाळची वेळ घ्या, मुलाला पहाटेच उठवा, वाटेत गाडीत डुलकी लागू देऊ नका (सिंहगड रस्त्याच्या गर्दीत हे फार अवघड जातं, मागे कुणीतरी खेळवायला बसा), आणि दूध तिथे पोचल्यावर पाजा. पडद्यामागे पाणी आहे का हे टिम्पॅनोमेट्री नावाच्या वेगळ्या, अगदी छोट्या चाचणीत कळतं. सर्दी होत असेल तर तीही मागून घ्या.

घरातलं बोलणं

कान नीट आहेत असं कळलं, की घराकडे वळायचं. मी घरांना कमी बोलायला सांगते, याचं अनेकांना आश्चर्य वाटतं.

"बाळा हे काय? हे काय आहे सांग? कुठला रंग? काका म्हण. म्हण ना, काका!" असा मारा दिवसभर चालला, तर मुलाची पाळी येतच नाही. पाहुण्यांसमोर तर ही परीक्षाच होते, आणि मूल आईच्या ओढणीत तोंड लपवतं. तासाभरात तुम्ही किती प्रश्न विचारता ते एकदा मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. प्रश्न निम्मे करा आणि त्यांच्या जागी साधी विधानं ठेवा. "हे काय?" ऐवजी "अरे, भेंडी!"

मग थांबायला शिका. जमिनीवर बसा, तुमचा चेहरा मुलाच्या चेहऱ्यासमोर येऊ द्या. ते ज्याच्याशी खेळतंय त्याच्याशीच खेळा, आपलं खेळणं पुढे करू नका. एक शब्द म्हणा आणि मनात दहा आकडे मोजा. भुवया वर, तोंडावर हसू, ओठ मिटलेले. ते दहा आकडे फार लांब वाटतात, पहिल्यांदा करणारे बाबा चौथ्या आकड्यालाच बोलून मोकळे होतात. पण लहान मेंदूला ऐकलेलं जुळवून उत्तर द्यायला तेवढा वेळ लागतो. एखादा हुंकार, नजर, हाताची हालचाल आली, की तिलाच उत्तर समजा आणि पुढे बोला. चेंडू त्याच्याकडे गेला, त्याने परत टाकला. हाच खेळ.

मुलाने एक शब्द दिला, की तुम्ही त्यात एक वाढवून परत द्या. ते म्हणालं "गाडी", तुम्ही म्हणा "गाडी आली". "लाल मोठी बाबांची गाडी पार्किंगमध्ये लावली आहे" इतकं नको. "पाणी" ला "पाणी दे", "भूभू" ला "भूभू पळाला". चुकलं तर दुरुस्त करू नका, बरोबर रूप फक्त परत म्हणा. तीन वर्षांची मुलगी बाबांचं ऐकून "मी जातो" म्हणाली, तर "हो, तू जातेस" एवढं पुरे. दिवसभर कुणाचं बोलणं जास्त कानावर पडतं, त्याची ती खूण आहे.

कोणते शब्द? हा मुद्दा सगळ्यात जास्त हुकतो. वाकडच्या एका सव्वादोन वर्षांच्या मुलाला इंग्रजी मुळाक्षरं, दहा रंग आणि वीसपर्यंत आकडे येत होते. तहान लागली की तो रडायचा. ‘दे’ नव्हतं, ‘नको’ नव्हतं, ‘अजून’ नव्हतं. घरात शिकवणं भरपूर होतं, पण सगळं नावांचं. नावांना नावं जोडून वाक्य होत नाही, त्याला क्रियापद लागतं. म्हणून आधी हे शब्द रुजवा: दे, नको, अजून, ये, चल, उघड, बंद, पडलं, संपलं, वर, खाली, गेलं, माझं. रंग आणि आकडे थांबू शकतात.

हे शब्द वेगळ्या तासात शिकवायचे नसतात, ते रोजच्या कामांत पेरायचे. आंघोळीला "पाणी वर, पाणी वर... आणि ओतलं!" असं रोज म्हणा, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी "पाणी वर, पाणी वर..." म्हणून तांब्या हवेतच धरा. मूल "आ!" करेल, हात हलवेल, तीच त्याची पाळी. घास चिऊचा, घास काऊचा म्हणताना ‘काऊचा’ गाळून थांबा. तळहातावर बोट टेकून मोराला चारा घालायचा खेळ हा तर थांबण्याचा उत्तम धडा आहे: शेवटी मोर उडायच्या आधीचा तो क्षण लांबवा, मूल स्वतःच ‘भुर्र’ म्हणून मोर उडवून देईल. असे खेळ आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या होते. त्यांत नजर आहे, स्पर्श आहे, पाळी आहे आणि ठरलेली जागा आहे. विकत घेतलेल्या कुठल्याही बोलक्या खेळण्यात हे चारही एकत्र नसतं.

निवडही द्या: एका हातात दूध, दुसऱ्या हातात केळं, "दूध की केळं?" आवडीचा डबा झाकण घट्ट लावून हातात द्या, म्हणजे ‘उघड’ म्हणायला निमित्त मिळेल. पण "बोललास तरच मिळेल" हे कधीही करू नका. दहा आकडे मोजले, तुम्ही स्वतः "उघड" म्हणालात, आणि उघडून दिलं. भुकेल्या मुलाला शब्दासाठी अडवलं, तर त्याला शब्दांचीच धास्ती बसते.

शनिवार-रविवार मॉलऐवजी मंडईत जा. महात्मा फुले मंडईत मुलाच्या उंचीवर टोपल्या असतात, वास असतो, वजनकाटा वर-खाली होतो, भाजीवाल्या मावशी स्वतःहून बोलतात. दोनच भाज्या घ्या आणि त्या घरी मुलाकडून धुऊन घ्या, म्हणजे तोच शब्द दिवसातून दहा वेगळ्या प्रसंगी येतो. पेशवे पार्कातली फुलराणी १९५६ पासून लहानग्यांना फिरवते आहे. गाडी निघायच्या आधी "चल...", थांबल्यावर "थांबली", एवढे दोनच शब्द घेऊन बसा. सगळं दाखवायची घाई नको.

पुस्तक वाचताना गोष्ट पूर्ण करण्याचा हट्ट सोडा. जाड पुठ्ठ्याचं, एका पानावर एकच चित्र असलेलं पुस्तक घ्या, पान मुलाला उलटू द्या, तेच पान आठ वेळा आलं तरी आठ वेळा बघा.

फोन

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं: वर्षाच्या आतल्या बाळाला फोन-टीव्हीचा पडदा अजिबात नको, एक ते दोन वर्षांतही नको, दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासाहून जास्त नको, कमी तितकं बरं. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही मत असंच आहे, दोन वर्षांपर्यंत पडदा नाही.

यामागचा एक प्रयोग मी प्रत्येक घराला सांगते. सिअ‍ॅटलच्या पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना बारा बैठकांत चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर चिनी बोलणारी माणसं प्रत्यक्ष बसून खेळली, काहींना तीच माणसं टीव्हीवर दिसली. माणसांसोबतच्या बाळांना त्या भाषेतले आवाज वेगळे ओळखता यायला लागले. टीव्हीवाली बाळं जशीच्या तशी राहिली. पडदा मुलाची वाट बघत नाही, त्याच्या हुंकाराला उत्तर देत नाही, म्हणून त्यातून बोलणं उतरत नाही. गावाकडच्या आजोबांशी व्हिडिओ कॉल मात्र चालेल, कारण आजोबा उत्तर देतात.

दोघं नोकरी करणारे आईबाबा, हिंजवडीहून साडेआठला घरी, मूल जेवत नाही, फोन लावला की चार घास जातात. मी त्यांना दोष देत नाही. एका फटक्यात बंद करायला जाऊ नका, एक जेवण निवडा. रात्रीचं जेवण फोनशिवाय, घरातल्या मोठ्यांचेही फोन दुसऱ्या खोलीत. पहिले तीन-चार दिवस रडारड होईल, घास कमी जातील, ते चालवून घ्या. मग दुसरं जेवण. दिवसभर मागे चालू राहणारा टीव्ही आजींच्या मालिकेपुरता ठेवा. आणि सांभाळणाऱ्या ताईंना "फोन देऊ नका" एवढंच सांगू नका. त्याऐवजी काय करायचं ते दाखवून द्या: कणकेचा गोळा, डबे-झाकणं, गॅलरीतलं कुंड्यांना पाणी घालणं.

मराठी, हिंदी, इंग्रजी

घरात मराठी, ताईंचं हिंदी, बाबांच्या आईची कन्नड आणि प्लेग्रुपमधली इंग्रजी. "गोंधळ होत असेल, एकच भाषा ठेवा, इंग्रजीच बोला," असा सल्ला मिळतो आणि आईबाबा स्वतःला अवघडणाऱ्या इंग्रजीत मुलाशी बोलायला लागतात. हा सल्ला ऐकू नका. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने बोलणं रखडत नाही. सगळ्या भाषांतले शब्द मिळून मोजा. ज्या भाषेत तुम्हाला लाड करता येतात, रागावता येतं, गोष्ट रंगवता येते, ती भाषा मुलाला द्या.

बाळाच्या कानाची ताकद किती असते ते बघा. १९८४ मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतली बाळं घेतली आणि त्यांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक ओळखता आला. वर्षाच्या आसपास पोचलेल्या, तशाच घरांतल्या बाळांना तो जवळपास ओळखता येईना, कारण त्यांच्या घरात तो फरक कुणी वापरतच नव्हतं. आपल्या मराठीत ‘ताट’ आणि ‘टाटा’ पाळण्यातच ऐकू येतात. हा कान पहिल्या वर्षात घडतो, म्हणून पाळण्यातल्या बाळाशीही बोला, सूर लावून, स्वर लांबवून.

जड जीभ, मध, वेखंड

"जीभ चिकटलेली आहे, कापून घ्या म्हणजे बोलेल." चिकटलेल्या जिभेमुळे अंगावर पिताना अडचण येऊ शकते, क्वचित एखादा उच्चार अडू शकतो. शब्दच न येण्याचं ते कारण नसतं. तेवढ्यासाठी कापाकापी नको. वेखंड उगाळून जिभेला लावल्याने बोलणं सुटतं याला काही आधार नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, त्यातून बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. मुलगे मुलींपेक्षा सरासरीने थोडे मागे असतात, पण तो फरक काही आठवड्यांचा, फार तर एक-दोन महिन्यांचा. वर्ष थांबण्याचं ते कारण नाही.

कधी थांबायचं नाही, कुठे जायचं

वर्षाला बडबड नाही, किंवा टाटा, बोट असा कुठलाच हातवारा नाही. सोळा महिन्यांना एकही शब्द नाही. दोन वर्षांना स्वतःहून जोडलेले दोन शब्द नाहीत. यांतलं काहीही असेल तर त्याच महिन्यात दाखवा. येत असलेले शब्द, टाटा, नजर देणं कोणत्याही वयात बंद पडलं, तर त्याच आठवड्यात दाखवा.

हाकेला ओ नाही, ‘बघ’चं बोट नाही, चाकं फिरवत तासन्‌तास एकटं बसणं, मुलांमध्ये रस नाही, असं चित्र असेल तर स्वमग्नतेची (ऑटिझमची) चाळणी करून घ्या. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची प्रश्नावली असते, ती बालरोगतज्ज्ञ दहा मिनिटांत भरून घेतात. त्या शब्दाच्या भीतीने अनेक घरं दीड-दोन वर्षं लांबवतात, आणि नेमकी तीच वर्षं मदत सगळ्यात जास्त उपयोगी पडते. चाळणीत काही निघालं, तरी तुमचं मूल काल होतं तेच आज असतं. तुम्हाला फक्त त्याच्याशी कसं बोलायचं ते कळायला लागतं.

वेगळी सुट्टी काढायची गरज नाही. गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यात आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांत असते, त्याच वेळी बोलण्याचा विषय काढा. माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीचे टप्पे छापलेले असतात, लसीचा कागद म्हणून ते नुसतं जपून ठेवू नका. अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून तपासणी मोफत होते. २०१३ मध्ये हा कार्यक्रम आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. त्यात विकासातलं मागेपण आणि श्रवणदोष दोन्ही येतात, आणि गरज पडल्यास पथक पुढच्या केंद्राची चिठ्ठी देतं. ससून रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात दाखवता येतं. धनकवडीच्या भारती विद्यापीठात वाचा-श्रवणशास्त्राचं महाविद्यालय आहे. मुंबईत वांद्र्याला वाचा-श्रवणासाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. लहान मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या यंत्रासाठी) केंद्र सरकारची एडिप ही मदत योजना आहे, आणि तिथे वयाची मर्यादा असल्याने उशीर महाग पडतो.

खासगी उपचारतज्ज्ञाकडे जाणार असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. विचारण्यात काही वावगं नाही. आणि एक पारख माझ्याकडून: मुलाला आत नेऊन दार लावून घेणारा, "तुम्ही बाहेर बसा" म्हणणारा उपचार या वयात मला पटत नाही. आठवड्यात दोनदा पाऊण तास मी भेटते, बाकीचे सगळे तास तुम्ही. तुम्हाला खोलीत बसवून, तुमच्याच हातून ते दहा आकडे मोजून घेणारी व्यक्ती शोधा.

पहिल्या भेटीला जाताना जन्माची फाइल, ओएईचा कागद, आठवड्याची वही आणि मुलाचं एखादं नेहमीचं खेळणं न्या. दुपारच्या झोपेची वेळ घेऊ नका. आदल्या दोन दिवसांत एक-एक मिनिटाचे दोन व्हिडिओ काढा, एक जेवताना, एक खेळताना, मूल कॅमेऱ्याकडे बघत नसताना. अनोळखी खोलीत मुलं गप्प होतात, त्या दोन मिनिटांत ती जशी घरी असतात तशी दिसतात. आणि आजींनाही बरोबर न्या. दिवसभर मूल त्यांच्याजवळ असतं, बाप कधी बोलायला लागला हे त्यांनाच आठवतं, आणि मोराला चारा घालायचा खेळ त्यांच्याइतका कुणाला येत नाही.